गळ्याला कळू न देता

वीस वर्षं ध्यानाच्या वर्गात लोकांना शांत व्हायला शिकवणाऱ्या ताईंची पाचावर धारण बसली, ती एका पांढऱ्या बोगद्यात.

त्यांच्या गळ्यात गाठ होती. ती कुठवर पोचलीय हे एमआरआयमध्ये नीट दिसलं, तरच डॉक्टर उद्या ऑपरेशन करणार होते. आवाज राहील की जाईल, याचा अंदाजही त्या चित्रावरूनच येणार होता. आणि चित्र दोनदा पुसट आलं होतं.

"ताई, तुम्ही आत काही गुणगुणताय का?" तंत्रज्ञाने बाहेरून विचारलं.

"ओंकार म्हणतेय. अगदी हळू."

"अहो, हळू म्हटलं तरी गळा थरथरतोच की! खुशाल म्हणा, पण गळ्याला कळू देऊ नका."

त्याने टेबल बाहेर घेतलं आणि बाहेर थांबलेल्या त्यांच्या भाचीला दोन मिनिटं आत सोडलं.

"मावशी, वर्गात तूच सांगतेस ना, तोंडातला ओंकार शिकाऊ माणसाचा आणि मनातला खरा?"

"सांगते."

"मग?"

"मग काय! सांगायला काय जातं? लोका सांगे ब्रह्मज्ञान."

भाची फिसकन हसली. ताईंना हसू आलं नाही. मनातला ओंकार त्यांनी कधी धड केलाच नव्हता. मोठ्याने म्हटलं की श्वास आपोआप लांबतो, बरगड्या घुमतात आणि भीतीला बसायला जागा उरत नाही. 'याचा अर्थ काय हो?' असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असे: अ, उ, म आणि त्यानंतरची शांतता. मुख्य ती शांतताच. पण वर्गात ती शांतता तीन सेकंदांवर त्यांनी कधी जाऊ दिली नाही. त्याआधीच पुढचा ओंकार सुरू.

"आता शेवटचं, ताई," भाची बाहेर गेल्यावर तंत्रज्ञ म्हणाला. "चार मिनिटं. या वेळी जमलं नाही तर भूल देऊन करावं लागेल, आणि इथे एमआरआयसाठी भूल देणाऱ्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. आणि हो, गिळूही नका."

गिळू नका म्हटल्याबरोबर तोंडात पाणी सुटलं.

टेबल आत सरकलं. छत नाकापासून चार बोटांवर आलं. गळ्याभोवती प्लास्टिकचा पिंजरा, हातात रबरी फुगा; अगदीच असह्य झालं तर दाबायचा. ठकठक सुरू झाली. ताईंनी मनात ओंकार धरला आणि त्यांच्या लक्षात आलं, नुसत्या विचारानेही जिभेचं मूळ हलू पाहतंय. म्हणजे हाही नको.

मग राहिलं काय?

राहिला वर्ग. समोर तीस चटया, तीस मिटलेले डोळे. ताई तोंड उघडतात आणि काहीच बाहेर येत नाही. मागच्या रांगेत कोणीतरी संकोचून खोकतं. बोटं फुग्याभोवती आवळली गेली. तीन सेकंद कधीच उलटून गेले होते आणि पुढचा ओंकार येणार नव्हता.

त्यांनी नाकाने श्वास सोडला. लांब, सावकाश, शब्दाशिवाय. मग दुसरा. ओंकारातून नाद गेला, अक्षरं गेली, तरी हा लांब जाणारा श्वास तेवढा शिल्लक होता. त्याच्या तळाशी भीती जशीच्या तशी बसली होती. ताईंनी तिला हाकललं नाही. हाकलायला हाताशी काही नव्हतंच.

ठकठक थांबली.

"आलं! एकदम स्वच्छ."

"काय दिसतंय?"

"ते डॉक्टर सांगतील, ताई." या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

टेबल बाहेर आलं. आता हवा तेवढ्या मोठ्याने ओंकार म्हणता आला असता. ताईंनी भाचीचा हात धरला आणि पुढचे पाच श्वास नुसतेच बाहेर सोडले.