मूळ फाइल म्हणजे माहेर नव्हे

“वहिनी, मूळ फाइल म्हणजे माहेर नव्हे, परत गेलात की सगळं जागच्या जागी मिळेल, असं समजू नका,” दीर म्हणाला होता. तिने ते कानाआड केलं. याला शहाणपणा शिकवायची खाजच आहे, एवढंच वाटलं.

सासरे परगावी एकटे राहायचे. त्यांच्या कपाटावरच्या छोट्या सर्व्हरला खोलीतला कॅमेरा जोडलेला होता. ती इथून त्यात लॉगिन करून त्यांच्यावर लक्ष ठेवायची. सर्व्हर दिराने बसवलेला, आणि त्याच्यात नि तिच्यात विस्तव जात नव्हता.

आज दुपारी लॉगिनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तिला दिराने घातलेल्या ओळी दिसल्या आणि डोकं सणकलं. मला न विचारता? मी काय भाडेकरू आहे इथे? तिने त्याची फाइल हटवून सर्व्हरसोबत आलेली मूळ फाइल आणून ठेवली आणि फाइलची तपासणी चालवली. तपासणी चकार शब्द बोलली नाही; म्हणजे चूक नाही. तिने लॉगिनची सेवा पुन्हा सुरू केली. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. तिने लॅपटॉप मिटला, तेव्हा कॅमेऱ्यात सासरे काठी न घेताच बाथरूमकडे निघाले होते.

बाळाला कडेवर घेऊन ती परत आली, तर सर्व्हर आत घेईना. सासऱ्यांचा फोन नुसता वाजत राहिला.

तिने दिराला फोन लावला.

“पुसलीत ना माझी ओळ?” तो हसला. “लॉगिनचा पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, मी बदलला होता. राउटर बाहेरच्याला फक्त त्याच पोर्टवर आत सोडतो. तुमचा सर्व्हर आता जुन्या दाराला कान लावून बसलाय.”

“तपासणीत चूक नव्हती!”

“तपासणी व्याकरण बघते, वहिनी. अक्कल नाही.”

“भाऊजी, बाबा फोन उचलत नाहीयेत. हे विमानात आहेत. तुम्ही जा ना.”

“आज बरे भाऊजी आठवले! बाबांच्या घराची किल्ली माझ्याकडून काढून घेताना कुठे होते?” मग आवाज खाली आला. “मी दौऱ्यावर आहे. निघतो, पण पोचायला संध्याकाळ होईल. आणि यानंतर आपलं बोलणं बंद.”

बाळाच्या मुठीतून केस सोडवत तिने सासऱ्यांच्या इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं:

“हे जे कुणी वाचाल ते आत्ता दुसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दाराशी जा. बेल लांब दाबा, माझ्या सासऱ्यांना कमी ऐकू येतं. आतून ओ आली नाही तर दार तोडा. शिव्या मला द्या, पण आधी त्यांना बघा.”