तेरवीचा माईक

त्या रविवारी अकोल्याच्या घरी आई लसणाची चटणी कुटत होती आणि मी माझ्या लेखाची प्रुफं तपासत होते. समाजमाध्यमांवरच्या खोट्या माहितीला कायद्याने आवर कसा घालावा, हा माझा विषय. अमरावतीच्या एका विधी महाविद्यालयात मी तोच शिकवते. आई अधूनमधून फोन माझ्या नाकासमोर धरायची.

"हे पाय, दामिनी. मीठ बंद होऊन राहिलं म्हणते."

"खोटं आहे."

"अन् हे? केळीत किडा?"

"तेही खोटं. कोणाला पाठवू नकोस."

"पाठवलं बी." ती हसली. "इतकी वर्षं लिहून राहिली तू. तुया कायद्यानं माया फोनातला एक गुडमॉर्निंग तरी कमी झाला काय?"

संध्याकाळी मी अमरावतीला निघाले तेव्हा ती फाटकाशी पोट दाबून उभी होती. मी थांबले, तर तिने डोळ्यांनीच पुढे हो म्हटलं. तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. हे तिला, मला आणि गल्लीतल्या हसनैन डॉक्टरांना ठाऊक होतं, बाकी कोणालाच नाही. नागपूरला चला म्हणून आम्ही दोघांनीही विनवून पाहिलं होतं. पण माझ्या धाकट्या भावाचं, शिवमचं तेल्हाऱ्याच्या मुलीशी जमत आलं होतं. "घरात कॅन्सर हाये म्हटलं तर पोरगी कोण देईन? लग्न होईपर्यंत तोंड उघडशीन तर तुले माई शपथ."

दुसऱ्या दिवशी तिचं दुखणं असह्य झालं. शिवमने हसनैन डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कळ थांबवायचं इंजेक्शन दिलं. दुपारी ती गेली.

मोक्षधामातून परतल्यावर महादेवमामांनी घरच्या ग्रुपवर मेसेज सोडला. 'चुकीच्या इंजेक्शनने माझ्या बहिणीचा जीव घेतला. या डॉक्टरपासून सावध राहा. पुढे पाठवा.' सोबत दवाखान्याच्या पाटीचा फोटो. मामा दुष्ट नाहीत. धडधाकट बहीण अचानक गेली, एवढंच त्यांना दिसत होतं.

मेसेज मेळघाटातल्या धारणीपर्यंत गेला आणि माझ्याच एका विद्यार्थ्याकडून माझ्याकडे परत आला. 'मॅडम, आपल्या लेक्चरला उदाहरण म्हणून चालेल का?' त्यात आईचं नाव नव्हतं.

मी अ‍ॅपच्या कंपनीकडे आणि पोलिसांत तक्रार केली. कंपनीच्या यंत्राने 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे' असं कळवलं. ठाण्यातला हवालदार म्हणाला, "घरचाच ग्रुप हाये न मॅडम? मंग घरातच मिटवा." कोणत्या नियमाखाली काय करता येतं, हे मी त्याला सांगायला लागले. त्याने चहा मागवला.

मामांना म्हटलं, "मेसेज खोटा आहे, काढून टाका."

"इंजेक्शन देलं का नाई?"

"दिलं."

"मंग खोटं काय त्यात? तू पोरायले शिकव कायदा, मले नोको शिकवू."

दवाखान्याच्या शटरवर दगडांचे पोचे पडले होते. मी मागच्या दाराने आत गेले. हसनैन डॉक्टर औषधांचे खोके बांधत होते.

"डॉक्टर, तुम्ही रिपोर्ट दाखवून मोकळे का होत नाही?"

"पार्वताबाईंनी मना केलं होतं, बेटा. पेशंट गेला म्हणून डॉक्टरची जबान सुटत नाही."

"मग हे खोके?"

"बायको म्हणते, तिच्या माहेरी जाऊ. अमरावतीत मेसेज पोचला नसेल, असं तिला वाटतं."

विद्यार्थ्याचा मेसेज असलेला फोन मी पर्समध्ये टाकला.

तेराव्या दिवशी तेरवीला मांडव भरला. तेल्हाऱ्याचे पाहुणे पुढच्या रांगेत बसले होते. मुलीच्या वडिलांनी शिवमला शेजारी बसवून घेतलं होतं. आदल्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं होतं. तो उठून माझ्याजवळ आला. "ताई, आजचा दिवस जाऊ दे. पाहुणे गेले की बोलू."

आपल्याकडे तेरवीला जेवणाच्या पंगती बसायच्या आधी श्रद्धांजलीची भाषणं होतात. मामांनी माईक घेतला. बहिणीचं प्रेम, तिच्या हातच्या पुरणपोळ्या आणि मग, "त्या इंजेक्शननं..." मागून कोणीतरी ओरडलं, "उठवा तो दवाखाना गल्लीतून!" चारपाच जण उभे राहिले.

मी पुढे जाऊन मामांच्या हातातला माईक घेतला. माईक किंचाळला. शिवमने मान खाली घातली.

"मामा, इंजेक्शन देलं, खरं हाये. तिची कळ थांबवाले देलं. आईले कॅन्सर होता. मले माहीत होतं."