त्रिशलाने नाक खाली सोडले

मित्रांनो, बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये दोन आसनांचे एक पांढरे विमान दिसते ना, तेच मी. वय एकवीस वर्षे. रंग दोनदा लागला, इंजिन एकदा बदलले. किती जण माझ्यात बसून उडायला शिकले, ते मोजणे मी कधीच सोडून दिले.

निपाणीच्या त्रिशलाला मात्र मी विसरणार नाही. पाठांतरात ती पहिली. पण वेग कमी झालेला असताना माझे नाक फार वर उचलले, की पंखावरचा वारा तुटतो, माझा इशाऱ्याचा भोंगा पिपाणीसारखा वाजतो आणि मी खाली येऊ लागतो. अशा वेळी नाक खाली सोडायचे असते. त्रिशला घाबरून ते आणखी वर ओढायची. चार धड्यांत चारदा! उडायला शिकवणाऱ्या मार्तंड सरांनी तिला एकटीने उडायची परवानगी दिली नाही.

पुढच्या रविवारी ती वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून चिकोडीला गेली आणि वाटभर एक हात बाहेर धरून बसली. तळवा जरा तिरका केला की हात आपोआप वर जाई. फार उभा केला की वारा त्याला नुसता मागे ढकली. “पुस्तकातलं हाताला कळलं, सर,” असे तिने सोमवारी सांगितले. पुढच्या धड्यात ती चुकली नाही.

मे महिन्यात अकराच्या सुमारास ती पहिल्यांदा एकटी निघाली. बेळगाव आधीच उंचावर, त्यात उन्हाने हवा पातळ झालेली. अशा हवेत पंखाला आधार कमी मिळतो, इंजिनही दमते. उतरताना आम्ही फार खाली आलो. धावपट्टी अजून पुढे होती. तिने नाक वर ओढले. माझा भोंगा वाजला.

मग समोर जमीन दिसत असूनही तिने नाक खाली सोडले आणि इंजिनाला पूर्ण जोर दिला. वारा पंखाला पुन्हा धरून वाहू लागला. एक फेरी मारून आम्ही नीट उतरलो.

तिचे वडील कुंपणापाशी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

“जमीन जवळ आल्ती, आनि तू खालीच घातलंस?”

“व्हय आप्पा. वर ओढलं असतं तर पडले असते.”

आप्पा कुंपणाच्या फाटकातून आत आले. त्यांनी माझ्या पंखावर हात ठेवला.

“लई तापलंय गं हे. सावलीला लाव.”

इतक्या वर्षांत असे कोणी म्हटले नव्हते. मित्रांनो, मी सुखात आहे. फक्त उडण्याआधी पंखावरची धूळ आणि वाळलेले किडे पुसत जा. वाऱ्याला स्वच्छ वाट मिळाली, की तुम्हाला उचलून धरायला मी अजून तयार आहे.