बाईंची ओळख

बाई परदेशात आल्या त्या काही राजवाडे आणि कारंजी बघायला नव्हे. राजवाड्यांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आईवडील लवकर गेले म्हणून धाकट्या भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलं, शिकवलं आणि विमानात बसवून दिलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने समारंभ केला, त्याला भाऊ काही येऊ शकला नाही. फोनवर मात्र म्हणाला, "ताई, तूच इकडे ये. मला कुणी घडवलं ते सगळ्यांना सांगतो." बस्स, एवढ्या एका बोलण्यावर बाई निघाल्या. भावाने चारचौघांत आपली ओळख करून द्यावी, एवढीच त्यांची भूक होती.

येऊन बरेच दिवस झाले तरी तसं काही घडलं नव्हतं. घरी कुणी आलं की भावजय म्हणायची, "ताई, तुम्ही आत जाऊन पडा ना, दमला असाल." दिवसभर सोफ्यावर बसलेलं माणूस कशाने दमणार, देव जाणे! पण दुसऱ्याच्या घरात कुठे वाद घाला, म्हणून बाई मुकाट्याने आत जायच्या आणि दाराआडून हसण्याखिदळण्याचे आवाज ऐकत बसायच्या.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी भावाने सगळ्यांना शहर दाखवायचं काढलं. गाडी नको, पार्किंगची कटकट होते, ट्रामनेच फिरू. "एकच फॅमिली पास काढलाय. दिवसभर कुठेही चढा, कुठेही उतरा," तो खुशीत म्हणाला.

"त्यात तिसरं मोठं माणूस चालतं का?" भावजयीने विचारलं.

"अगं, कोण बघतंय! तपासायला कुत्रंसुद्धा येत नाही."

बाई बूट चढवत होत्या. त्यांनी हे ऐकलं. पण फॅमिली म्हटल्यावर आपण त्यात आलोच, असं त्या धरून चालल्या.

ट्राममध्ये पाऊल टाकलं आणि बाईंची जुनी खोड उफाळून आली. शाळेच्या सहली नेऊन नेऊन लागलेली सवय ती. गाडीत चढलं की एकेकाच्या डोक्याला हात लावून मोठ्याने मोजायचं, मगच बूड टेकायचं. भाऊ झाला, भावजय झाली, पुतणी झाली, आणि त्या ओघात पुतणीशेजारच्या एका टकल्या गृहस्थाच्या डोक्यावरही बाईंनी टप्पकन हात ठेवला आणि "चार!" म्हणाल्या. गृहस्थ दचकला. सगळा डबा बघायला लागला. भावजयीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि नेमका तेव्हाच मागच्या दाराने तिकीट तपासनीस चढला. आता बोला!

भावाने पास दाखवला. तपासनीसाने बाईंकडे बोट करून काहीतरी विचारलं. बाईंना तिथल्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. भावाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने एकदा टकल्या गृहस्थाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं, आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवून तो बोलू लागला. चांगलं सविस्तर बोलला, अगदी गहिवरून. ऐकता ऐकता तपासनीसाच्या कपाळावरची आठी गेली. त्याने वाकून बाईंचा हात हातात घेतला. टकला गृहस्थही हसून मान डोलवू लागला.

झाली बाई एकदाची ओळख! बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी तपासनीसाला नमस्कार केला, टकल्याला केला, समोरच्या म्हातारीलाही केला. समारंभाला आला नाही म्हणून भावावर धरलेला राग त्यांनी तिथल्या तिथे सोडून दिला.

मग काय, दिवसभर बाईंचा थाटच थाट. राजवाड्याच्या दाराशी ही भली मोठी रांग होती. भाऊ खिडकीशी जाऊन दोन शब्द बोलला आणि आतून चाकांची खुर्ची आली. "बस ताई, पाय दुखतील तुझे." पाय ठणठणीत होते, पण एवढ्या मायेने म्हणतोय तर त्याचं मन कशाला मोडा, म्हणून बाई बसल्या. रांगेला वळसा घालून मंडळी थेट आत गेली. सकाळपासून तोंड फुगवून असलेली भावजय आता हसतहसत खुर्ची ढकलत होती. रांगेतल्या लोकांकडे बघून बाईंनी हातसुद्धा हलवला.

दुपारी नवराबायको फोटो काढायला गेले, तेव्हा बागेतल्या बाकावर बाईंनी पुतणीला जवळ ओढलं. "काय गं, बाबा माझ्याबद्दल एवढं काय सांगतो लोकांना? शाळेचं सांगितलं का?"

पुतणीने फोनमधून मान वर काढली नाही. "नाही गं आत्या. बाबा सांगतात की तुझं डोकं लहान मुलासारखं आहे. तसं असलं की तिकीट नाही लागत. आणि लाइनमध्येपण उभं नाही राहायला लागत." मग तिने वर बघून विचारलं, "खरंच आहे का तसं?"

बाईंची कानशिलं तापली. आपण कुणाकुणाला नमस्कार केले, कुणाकडे बघून हसलो, त्या खुर्चीत बसून हात काय हलवला! एकेक आठवत गेलं तसं त्यांना जागच्या जागी गडप व्हावंसं वाटलं. मग राग आला. असा राग त्यांना शाळेतल्या पोरांचाही कधी आला नव्हता.

"मी वेडी का रे?" भाऊ परत आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"ताई, हळू! अगं, दंड बसला असता तो वेगळाच, वर चारचौघांत लाज गेली असती. आणि इथे कोण ओळखतंय तुला?"

"कोणी ओळखत नाही म्हणूनच तर आले होते! आणि तू ओळख करून दिलीस ती ही?"

"एवढं काय मनावर घेता हो ताई," भावजय मध्ये पडली. "रांग तर वाचली ना?"

परतीच्या ट्राममध्ये बाई बसल्याच नाहीत. दांडा धरून, दात आवळून उभ्या राहिल्या. आणि दुसरा एक तपासनीस आला, तरुण, चष्मेवाला. भावाने पास काढून तोंड उघडायच्या आत बाई पुढे झाल्या. इंग्रजी होतं नव्हतं तेवढं सगळं त्यांनी गोळा केलं. "आय टीचर. मॅथ्स. माय हेड गुड! ही लाय! नो टिकेट, गिव्ह फाइन!"

तपासनीस गोंधळून भावाकडे बघू लागला. भावाने नुसते डोळे मिटून मान हलवली आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

"खोटं बोलतोय मेला!" बाई मराठीतच कडाडल्या. "माझं डोकं बघायचंय? विचारा मला पाढे! हा घ्या, ऐका!" आणि भर ट्राममध्ये त्यांनी एकोणतिसाचा पाढा सुरू केला. "एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!" समोरच्या एका आईने आपलं मूल मांडीवर ओढून घेतलं. भावजय खिडकीबाहेर बघत बसली. बाईंचा आवाज चढत गेला, पण एक आकडा चुकेल तर शपथ.

पाढा संपेपर्यंत तपासनीस अदबीने थांबला. संपल्यावर त्याने, लहान मुलासाठी वाजवतात तशा, हलकेच टाळ्या वाजवल्या. मग इतरांनीही वाजवल्या. दंडाचं त्याने नावही काढलं नाही. जाताना तो भावाचा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाला गं?" बाईंनी पुतणीला विचारलं. त्यांना धाप लागली होती.

पुतणीने बापाकडे बघितलं. "म्हणाला, यांचं एवढं सगळं करता तुम्ही. असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

भावाने मान खाली घालून त्याचे आभार मानले.