जित्याचं पान

भाताच्या मुदीत मधोमध खळगा होता – अंगठ्याने हलकेच दाबून केलेला, आणि ताटाच्या कडेला एकच शीत चिकटलेलं, वाळून कडक झालेलं... प्रगतीने वाकून पाहिलं, मग ताट दाराकडे सरकवून उजेडात पाहिलं. काल दिवेलागणीला तिने वाटी पालथी घालून मूद पाडली होती, ती अगदी गुळगुळीत होती. मांजर म्हणावं तर मांजराने शेजारची सुक्या बोंबलाचा तुकडा सोडून कोरडा भात कशाला उकरला असता? उंदराचं तोंड एवढं गोल नसतं. हा खळगा तिला माहीत होता. तिचा नवरा सुदाम जेवायला बसला की आधी अंगठ्याने भातात खळगा करायचा, त्यात डाळ ओतून घ्यायचा आणि मगच पहिला घास घ्यायचा. त्याशिवाय त्याला जेवण जातच नसे.

पण हे ती साफ विसरली होती. पावसाळ्यापासून तिने डोळे मिटून मनाशी जो सुदाम रोज थोडा थोडा उभा केला होता, त्याचे केस, त्याचा निळा शर्ट, दारात चपला काढायची त्याची पद्धत, सगळं तिने निवडून निवडून घेतलं होतं – आणि खळगा त्यात नव्हता. मी दिलाच नाही, मग तो आला कुठून?

सासू, पुतळी, मागच्या दारातून आत आली. रोजच्यासारखी ताटापुढे बसली आणि हात पुढे करता करता थांबली. वाकून तिने तो खळगा पाहिला.

"हा उष्टा हाय," ती म्हणाली, आणि ताटाकडे पाठ करून बसली.

पहिल्या दिवशी केवढी भांडली होती ही बाई! "जित्या माणसाचा पान वाढत नाय, पोरी. पान वाढतात तो मेल्यांना. पितरांना. तू काय माझ्या लेकराला तिकडे लोटतेस?" प्रगतीने किती समजावलं – आई, हे तसं नाही, शिबिरात शिकवलंय, माणूस आलेलाच आहे असं समजून वागायचं, त्याची जागा तयार ठेवायची, म्हणजे तो येतो. पुतळीने ऐकून घेतलं. पटलं नाही ते नाहीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रगती उठून बघते तो सासू ताटापुढे बसून कालचा गार भात खात होती. "मेल्याचा पान कावळ्याला जातो," ती शांतपणे म्हणाली. "हा कावळ्याला नाय द्यायचा. घरातल्या माणसानं खाल्ला, म्हणजे तो घरातला राहिला." तेव्हापासून घरात हेच चाललं होतं. सुनेने संध्याकाळी लेकाला बोलवायचं, सासूने सकाळी त्याला आवळून धरायचं. दोघी एकाच माणसासाठी झटत होत्या आणि एकमेकींकडे मात्र चोरासारखं बघत होत्या.

आज सासूने खाल्लं नाही. प्रगतीने ताटावर टोपली पालथी घातली, डबा घेतला आणि जीप गाठायला उतारावरून पळत सुटली.

जीपमध्ये दाटीवाटीने बसल्यावर तिने डोळे मिटले. पाड्यावरचे पुरुष पावसाळा सरला की गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जायचे. नाचणी-भातावर वर्ष निघत नाही, सगळ्यांनाच ठाऊक. सुदामही गेला. समुद्रात रेघ नसते, पण ती ओलांडल्याची शिक्षा असते. सगळी बोट पलीकडच्यांनी धरून नेली, आणि माणसं पाकिस्तानच्या जेलात गेली. तेव्हापासून चार दिवाळ्या झाल्या. सुरुवातीला रडणं आलं, मग कचेऱ्या आल्या, मग रडणंही नाही आणि कचेऱ्याही नाहीत, नुसते दिवस आले... आणि मग ते शिबिर.

मसोलीच्या ज्या शेडमध्ये ती फुगे तपासायला बसायची, तिथल्या मालकीणबाईंनी सगळ्या बायकांना डहाणूच्या एका हॉलमध्ये नेलं होतं. 'हवं ते घडवा' असं मागे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. जेवण होतं आणि हजेरीही लागणार होती, म्हणून एकही बाई घरी राहिली नाही. वापीहून रुपल मॅडम आल्या होत्या. पांढरी साडी, हळू आवाज. "बेनो," त्या म्हणाल्या, "काय नको ते तुम्हाला पाठ आहे. नवरा पितो ते नको, सासू बोलते ते नको. आता मला एवढंच सांगा, हवं काय?" फुकटच्या जेवणावर तुटून पडलेल्या त्या बायका, तोंडाच्या पट्ट्याला एरवी लगाम नसलेल्या, एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रगतीलाही जन्मात हे कोणी विचारलं नव्हतं.

"खरं तेच मागा," मॅडम म्हणाल्या होत्या. "लोकांना बरं वाटेल ते नाही. आतलं मन खोटं ऐकत नाही, ते खरं तेवढंच ऐकतं."

शेजारी बसणाऱ्या दक्षाने स्कूटी मागितली होती. सगळ्या हसल्या होत्या. महिन्याभरात तिच्या भावाचा हात कारखान्यातल्या मशीनमध्ये गेला आणि त्याची स्कूटी दक्षाकडे आली. दक्षा आता तिच्यावरून कामाला येते. शिबिराचं नाव काढलं की मात्र ती उठून पाणी प्यायला जाते.

प्रगतीने सुदाम मागितला. दुसरं काय मागणार? बाईमाणूस, नवरा जेलात, सगळ्या माना वळवून बघतायत – तिने मोठ्याने सांगितलं, माझा माणूस घरी यावा. बायकांचे डोळे भरून आले. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि ती संध्याकाळी घरी येऊन पान वाढायला लागली.

शेडमध्ये तिने फुगा नळीला लावला, हवा सोडली, उजेडाकडे धरला. भोक नाही. हवा काढली, टोपलीत टाकला. दुसरा लावला. हे काम हाताचं होतं, मन मोकळं. मन घरी जाऊन बसायचं. तिथे ताटासमोर तो बसलेला असायचा... आता तो स्पष्ट दिसायचा. पहिले काही दिवस नुसते खांदे दिसले, मग मान, मग हात. चेहरा आला तो श्रावणात. आणि एका संध्याकाळी त्याने मान वर करून विचारलं, तू जेवलीस का?

सुदामने हे कधी विचारलं नव्हतं. वाईट नव्हता तो, उगाच कशाला म्हणा. हात उगारला नाही, प्यायचा तो सणासुदीला. पण सगळ्या संसारात त्याने तिला एक प्रश्न म्हणून विचारला नाही. पाणी दे. उद्या निघतोय. आईला कासा गावात दवाखान्यात ने. विचारण्यासारखं हिच्यात काही असेल, असं त्याच्या मनातच आलं नसावं. ताटासमोरचा मात्र विचारायचा. पाय दुखले का? आज जीपमध्ये उभं राहावं लागलं का? काल काय स्वप्न पडलं? आणि मी सांगायचे... चुलीपुढे बसून, ओठ न हलवता, सगळं सांगायचे. पाड्यावर लोक म्हणत, प्रगती हल्ली बरी दिसते. दिसणारच. तिच्या घरात सुख होतं.

म्हणूनच तो खळगा तिला सलत होता. तो ताटासमोरच्याचा नव्हता. तो त्या दुसऱ्याचा होता, खऱ्या सुदामचा.

दुपारी डबा सोडता सोडता फोन वाजला. उमेशचा होता, खलाशांच्या सुटकेसाठी धावपळ करणारा, तलासरीचा. तो ओरडतच होता. "वहिनी, सुटले! आपले सगळे सुटले! बॉर्डर ओलांडली, आता वडोदऱ्याला आणतायत. संध्याकाळी सुदाम स्वतः फोन करेल. उद्या बस तलासरीला येईल, हार घेऊन या!"

दक्षाने फोनमधला आवाज ऐकला आणि किंचाळली. सगळ्या धावल्या. कुणी गळ्यात पडलं, कुणी गुळाचा खडा तोंडात कोंबला, मालकीणबाईंनी रुपल मॅडमना तिथूनच फोन लावला. प्रगती हसत होती. तोंडातला गूळ विरघळत होता आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा – आता त्याला सांगायला हवं. घरी बसलाय त्याला. की बाबा रे, तुझी जागा रिकामी कर, नवरा यायचाय माझा.

ती घाबरली. विचार परतवून लावावा म्हणून तिने दक्षाचा हात धरला. दक्षा प्रगतीच्या कानाशी झुकली आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "तू खरंच हेच मागितलं होतंस ना गं?"

प्रगतीने तिचा हात सोडून दिला.

ती घरी पोचली तेव्हा ऊन डोंगरामागे चाललं होतं. टोपली जागेवर नव्हती, ताट घासून ठेवलेलं. पुतळीच्या नखांत माती होती. "परसात पुरला," ती म्हणाली. "कावळ्याला नाय दिला." पाड्यावरून बातमी तिच्यापर्यंत आली होती, शेजारणी येऊन गेल्या होत्या, पण म्हातारीच्या तोंडावर आनंदाच्या जागी एक सावधपणा होता, जनावर हेरावं तसा. तिने सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता वाढू नको," ती म्हणाली. "आता तो स्वतः येतोय."

फोन वाजला. पुतळीने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. "सुदाम... बाला रे..." एवढंच तिला जमलं. पलीकडून काहीबाही बोलणं येत राहिलं, ती मान हलवत राहिली, जणू त्याला दिसत होती. मग तिने फोन सुनेच्या हातात दिला आणि पदराने तोंड दाबून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

"उद्या येतो," सुदाम म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "तलासरीला. उमेश सांगल तुला."

"हां," ती म्हणाली.

आता तो फोन ठेवेल. नेहमी असाच ठेवायचा, सांगायचं ते सांगून झालं की झालं. तिने वाट पाहिली. त्याने ठेवला नाही.

"एक विचारू?"

प्रगतीने मेढीच्या खांबाला हात लावला.

"तिथं एक लई वेगळा झाला," तो म्हणाला. "ह्या पावसाळ्यापासून. सांज झाली की माझी भूक मरायची. ताट समोर यायचा, सगळे जेवायचे, आणि माझा पोट भरलेला. घरचा खाल्ल्यासारखा. आपल्या तांदळाचा वास यायचा तोंडाला, बोंबलाचा यायचा. मी सांगायचो, सगळे हसायचे. डॉक्टरला पण काय कळला नाय." तो थांबला, दम लागला होता त्याला. "मी लई वाळलोय गो. बघून भिऊ नको. हाडा राहिली नुसती."

कुणाला भरवत होते मी? दोन ताटं होती, एक इथं, एक तिथं, आणि पोट एकच... रोज संध्याकाळी तिने इथे प्रेमाने वाढलं आणि तिथे एक माणूस भरल्या ताटावरून उपाशी उठला.

"आणि कोण तरी आत बोलायचा," सुदाम म्हणाला. "बाईमाणूस. जीपमध्ये उभी राहिली, पाय दुखले, असा काय काय सांगायचा. मी ऐकत पडायचो. बरा वाटायचा. तूच होतीस का?... तू जेवलीस का गो आज?"

हा प्रश्न तिने बनवला होता. एकेक शब्द निवडून तिने तो चुलीपुढे त्याच्या तोंडात घातला होता. आवाज सुदामचा होता, पण त्या आवाजातून विचारत होता तो तिचा, ताटासमोरचा. इतक्या वर्षांत ज्याची तहान होती ते तिला ह्या क्षणी मिळत होतं, कानाशी, गरम... आणि उद्या बसमधून जे उतरेल ते काय असेल? हाडं. खळगा करून जेवणारं, पाणी दे म्हणणारं, तिने वाळवलेलं अंग. त्याला ती रोज बघणार. त्याच्यासमोर रोज ताट ठेवणार.

"हो," ती म्हणाली. "जेवले."

"मग सांग ना. आज काय झाला सांग."

तिचे डोळे भरले. सांगावं, सांगतच राहावं असं वाटलं तिला. हा आवाज असाच विचारत राहावा, लांबून, जन्मभर... आणि तो माणूस वाटेतच कुठेतरी –

तिने तो विचार तिथेच दाबला. पण तो येऊन गेला होता. शिबिरात माना वळवून बघणाऱ्या बायकांसमोर जे सांगितलं ते हे नव्हतं. हे त्याच्या खालचं होतं, कुणालाही बरं न वाटणारं, आणि खरं. खरं तेवढंच ऐकलं जातं. ते कसं घडतं हे आता तिला कोणी शिकवायला नको होतं.

"ऐकतेस ना?" सुदाम विचारत होता. ओट्यावर सासू वळून तिच्याकडे बघत होती. प्रगतीने डोळे घट्ट मिटले आणि उद्याची तलासरी समोर आणली – हायवे, माणसं, हार घेऊन उभा उमेश, धुरळा उडवत येणारी बस. ये, ती म्हणाली, ये, ये, मनापासून म्हणायचा प्रयत्न करत राहिली. बस येऊन थांबली. दार उघडलं. एकेक खलाशी उतरू लागला, त्यांच्या बायका पुढे धावल्या, आणि ती जीव एकवटून त्या दारातून आणखी एक पाय, सुदामचा, बाहेर काढू पाहत होती.