तरंगत्या बिंदूचे महाराज

धामणगाव रेल्वेच्या त्या जिनिंगमध्ये दोन हंगाम धड कापूस आला नव्हता, त्यामुळे माणसं बसवायला जागा भरपूर होती. बँडवाले, भजनी मंडळी, सीडीची दुकानं चालवणारे, सगळे चपला बाहेर काढून एका लॅपटॉपला हात जोडून बसले होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मला शेवटच्या रांगेत जागा मिळाली.

"भक्तहो," बिंदूनाथ महाराज म्हणाले, "संगणकवाले ज्याला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात, तो कोण? तरंगता बिंदू! आणि बिंदू म्हणजे ब्रह्म. प्रेसमध्ये कापसाची गाठ होते, तशी मी आवाजाची गाठ बांधतो. एक कणही गळत नाही!"

टाळ्या पडल्या. आता फ्लोटिंग पॉइंट म्हणजे आकड्यातला बिंदू गरजेप्रमाणे सरकवून लिहायची पद्धत, एवढंच. तिच्यात रेकॉर्डिंग केलं की कुजबुजही टिकते आणि चढा सूर कापला जात नाही. पण फाईल मोठी होते आणि काही केल्या फारशी आवळत नाही. माझा मित्र अय्युब याच दुखण्याने बेजार होता. गावच्या गायिका केशरबाईंची, भुलाबाईच्या सणात मुली फेर धरून म्हणतात ती सगळी गाणी त्याने अशीच साठवली होती. पुढे गळ्याच्या ऑपरेशनात केशरबाईंचा आवाज गेला. तो उरला अय्युबच्या एका डिस्कमध्ये, आणि ती डिस्क आता महाराजांच्या हातात होती.

महाराजांनी डिस्क लॅपटॉपला जोडली, उदबत्ती ओवाळली आणि मंत्र सुरू केला. मंत्र चांगलाच लांब होता. तो संपल्यावर पडद्यावर एक इवलीशी फाईल उमटली. "आता मूळ देह सोडला पाहिजे," म्हणत त्यांनी अय्युबची डिस्क पुसून टाकली. मी ओरडलो, पण जयजयकारात कोणाला ऐकू गेलं नाही.

मग त्यांनी ती इवलीशी फाईल उघडली आणि केशरबाईंचा आवाज शेडभर घुमला. पहिल्या रांगेत बसलेल्या केशरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

अय्युबची पुतणी कहकशाँ अमरावतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. ती उठली. "महाराज, हेच गाणं माझ्या लॅपटॉपवर वाजवून दाखवा ना."

"त्या यंत्राला दीक्षा नाही."

"मंग द्या त्याले दीक्षा. उदबत्ती मी लावते."

लोक हसले, तेव्हा महाराजांना आपला प्रोग्रॅम द्यावाच लागला. कहकशाँने तो चढवला आणि ती फाईल उघडली. पडद्यावर अक्षरं आली : मूळ फाईल सापडत नाही.

अय्युबने आपली डिस्क ओढून हातात घेतली. "या अल्ला! बेटा, आपली डिस्क तं कोरी झाली!"

"थांबा चाचा." तिने महाराजांचा लॅपटॉप ओढला आणि लपवलेले फोल्डर उघडले. सगळी गाणी तिथे होती, पूर्ण आकारात. प्रोग्रॅम गुपचूप त्यांची नक्कल करून ठेवत होता आणि इवल्या फाईलमध्ये त्या नकलेचा पत्ता तेवढा लिहीत होता. मंत्र एवढा लांब का, तेही कळलं. नक्कल व्हायला वेळ लागतो.

"मंग आवाजाची गाठ बांधताच येत नाही का?" भजनी मंडळातल्या जयवंताने विचारलं.

"येते ना," कहकशाँ म्हणाली. "भुलाबाईत आपण झाकल्या डब्यातली खिरापत ओळखतो, तसा गाण्याचा पुढचा आकडा ओळखायचा. अंदाज जेवढा चुकला, तेवढंच लिहून ठेवायचं. मंग गाणं जसंच्या तसं परत येते. पण फ्लोटमधले शेवटचे बारके आकडे कोणालेच ओळखता येत नाहीत. ते लिहाच लागतात. म्हणून फाईल थोडीच लहान होते, इवलीशी नाही."

महाराजांचे जुने भक्त नत्थुजी हात जोडून म्हणाले, "पण महाराजांनी लपवून ठेवली म्हणून तं गाणी वाचली. हेबी कृपाच म्हना!"

केशरबाई नत्थुजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या गळ्यातून आता नुसती हवा निघते. त्या हवेतच त्या म्हणाल्या, "अन् त्यानं तो लॅपटॉप घरी नेला असता तं? मंग मी कोठं गायली असती?"

नत्थुजींचे जोडलेले हात सुटले. लॅपटॉप त्या दिवशी जिनिंगमधून हलला नाही. गाणी दोन नव्या डिस्कवर उतरली, दुसऱ्या यंत्रावर वाजली, आणि मगच महाराजांना त्यांच्या चपला मिळाल्या.

वाचकहो, डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं, एवढ्यावर विश्वास टाकू नका. चमत्कार करणाऱ्याचं यंत्र बाजूला ठेवा, त्याला तुमचं द्या आणि तेच पुन्हा करून दाखवायला सांगा. खरं असेल तर तिथेही होईल. तोवर मूळ कोणालाही पुसू देऊ नका.