थांब

"पुन्हा बघ, शेवटी असेल," मी लेकीला म्हणालो. तिने प्रोफेसरांचा छापील निबंध तिसऱ्यांदा चाळला. आभारात सरकार होतं, जहाज कंपनी होती, पाहुण्यांच्या बंगल्यावरचा खानसामाही होता. मी नव्हतो. जावयासमोर तर मी आधीच मिशीला पीळ देऊन बसलो होतो.

तीन वर्षांपूर्वी परदेशी प्रोफेसर आले, तोवर आमच्या संस्थेत पदार्थविज्ञान म्हणजे खडू आणि फळा; मी काच फुंकायचो ती रसायनशाळेसाठी. प्रयोग त्यांनी सुरू केले. त्यांनी आणलेल्या काचनळ्या जहाजातच फुटल्या होत्या. त्या सगळ्या मी फुंकून नव्याने केल्या. दोन जातींच्या काचा जोडल्या की सांधा निवताना तडकतो. मी तो डब्यातल्या गरम राखेत पुरायचो आणि सकाळपर्यंत कोणाला हात लावू द्यायचो नाही. "थांब," म्हणायचो, ते काचेला. पाहुण्याला एकेरीत कोण बोलेल? पण प्रोफेसरांना वाटलं, या रीतीचं नावच ते. आज दोन थांब करायचे, असं सगळ्यांना सांगत फिरायचे. निबंधात तुमचं नाव घालणार, असं जाताना कबूल करून गेले.

निबंधात थांब होता. शोधक म्हणून नाव होतं संचालकांचं.

ते संस्थेत नवखे होते तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करायचो. माझ्या डब्यातला अर्धा वाटा त्यांचा असायचा. मी सरळ त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मास्तर, त्यांनी तुमचंच नाव लिहिलं होतं. प्रुफं माझ्याकडे आली, मी बदललं. काचवाल्याने शोध लावला म्हटलं, तर बाहेर आपल्याला शास्त्रज्ञ कोण म्हणेल? संस्थेचं बघा जरा."

"आणि खानसामा?"

त्यांनी पुढची फाईल ओढली. परक्याने दिलेलं आपल्याच माणसाने काढून घेतलं, हे मला फार लागलं.

पुढच्या महिन्यात दुसरे परदेशी पाहुणे आले. निबंध वाचून आलेले; थांब त्यांना शोधकाच्या हातून बघायचा होता. संचालकांनी माझ्या टेबलाशी बसून सांधा केला, बरा केला, राखेत पुरला. तासाभराने पाहुणे घड्याळ बघू लागले. संचालकांनी चिमटा उचलला आणि सवयीने माझ्याकडे बघितलं.

शब्द जिभेवर आला, एकेरीतलाच. मी तो गिळला.

सांधा बाहेर आला आणि टणकन तडकला. मी केरसुणी घेतली. तीस वर्षांत जाणूनबुजून फुटू दिलेली माझी ती पहिलीच काच.